आम्हालाही कुणीतरी खोडून काढावं

महाराष्ट्रातल्या ज्येष्ठ नागरिक संघांचे अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणीचे सदस्य यांस,



संघाची मासिक सभा कशी होते हे तुम्हाला मी सांगायला नको. प्रार्थना, मागच्या महिन्यात गेलेल्यांना श्रद्धांजली, या महिन्यात जन्मलेल्यांना गुलाबपुष्प, मग पाहुण्यांची ओळख, शाल, श्रीफळ आणि व्याख्यान. विषय गुडघेदुखी, मोतीबिंदू, मृत्युपत्र, मुदतठेवी, ऑनलाइन फसवणूक, नाहीतर ‘आनंदी वार्धक्य’. व्याख्यान संपलं की कुणीतरी घड्याळाकडे बघतं, ‘वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत’ असं जाहीर होतं आणि त्यानंतर दहा मिनिटं आभारप्रदर्शन चालतं. चहा-बिस्किटं होतात. पुढच्या महिन्यात पुन्हा हेच.

यातल्या बहुतेक गोष्टींबद्दल माझी तक्रार नाही. मृत्युपत्रावरच्या एखाद्या व्याख्यानाने काही घरांतली भांडणं कोर्टात जायची वाचली असतील. तक्रार आहे ती त्या ‘वेळेअभावी’बद्दल. आभारांना वेळ आहे आणि प्रश्नांना नाही, ही व्यवस्था आपण आपल्या हाताने केलेली आहे. आपल्याला ती सोयीची वाटते म्हणून ती टिकली आहे.

वय झालं की माणसाची जिज्ञासा आटते, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. माझ्या मते वयाबरोबर आटतो तो विरोध, आणि त्याच्यामागोमाग जिज्ञासा वाळते. नोकरीत असताना साहेब फाईल परत पाठवायचा, युनियनवाला अंगावर यायचा, दुकानात गिऱ्हाईक हुज्जत घालायचं, वर्गात एखादं पोरगं उठून फळ्यावरची चूक दाखवायचं. निरोपसमारंभाच्या दिवसापासून हे सगळं थांबतं. घरी मुलगा ‘बरं बाबा’ म्हणतो, सून ‘हो ना’ म्हणते आणि दोघं आपापल्या कामाला लागतात. त्यांना आपलं म्हणणं पटलं, असा आपला समज होतो. खरं म्हणजे त्यांना आठ-बाराची लोकल गाठायची असते. बाहेर भेटणारे वाकून नमस्कार करतात. ज्याच्या पाया पडायचं त्याला ‘काका, तुम्ही म्हणताय ते चुकीचं आहे’ असं सांगायची आपल्याकडे रीत नाही. संघातले मित्र तर आपल्याच वयाचे, बहुधा आपल्याच थरातले, आपल्याच पेठेतले. मोबाइलवरच्या समूहात कुणी काहीही टाकलं तरी खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. कालचं मत आज तपासून बघायची वेळच येत नाही. दहा वर्षं असं गेल्यावर ते मत उरत नाही, ती सवय होते.

हे आपलं खाजगी प्रकरण आहे, असं मात्र समजू नका. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्यांचं प्रमाण ९.९ टक्के होतं, म्हणजे एक कोटी दहा लाखांच्या वर माणसं. आज ती संख्या त्याहून मोठीच असणार. आपण मतदानाला न चुकता जातो. नातवंडांच्या लग्नात आपला होकार अजून मोजला जातो. सोसायटीत फ्लॅट कुणाला भाड्याने द्यायचा आणि कुणाला नाही, हे ठरवणाऱ्या कमिटीवर आपण असतो. शाळांच्या, वाचनालयांच्या, देवस्थानांच्या विश्वस्त मंडळांवरही आपणच. आपली मतं गोठली तर त्यांची थंडी दुसऱ्यांना वाजते.

अमेरिकेत २०१६च्या निवडणुकीच्या काळात फेसबुकवर कोण काय पाठवतं याचा एक अभ्यास झाला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. खोट्या बातम्यांचे दुवे पाठवणारे मुळात थोडे होते, हे आधी सांगतो. पण पासष्टीपुढच्यांनी असे दुवे सर्वांत तरुण गटाच्या सरासरीने जवळजवळ सातपट पाठवले होते, आणि शिक्षण किंवा पक्ष कोणता हे लक्षात घेऊनही वयाचा परिणाम पुसला गेला नव्हता. हे अमेरिकेचं झालं, असं म्हणायला आपल्याला तोंड नाही. आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोने जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं, ही थाप पंधरा वर्षांहून अधिक काळ फिरते आहे. युनेस्कोने असं काही ठरवलेलं नाही हे पुन्हा पुन्हा सांगून झालं. दोन हजारांच्या नोटेत चिप आहे हे सांगणारेही आपल्यातलेच होते. ती नोट चलनातून गेली, चिप काही कुणाला सापडली नाही, आणि सांगणाऱ्याला कुणी ‘काय झालं हो त्या चिपचं?’ असं विचारलंही नाही.

आता उलट बाजूचं. २०२५ साली ‘प्लॉस वन’ या संशोधन नियतकालिकात एक अभ्यास आला. माणसाची एकंदर जिज्ञासू वृत्ती वयाबरोबर उतरते, असं त्यात दिसलं, आणि ते अपेक्षितच होतं. पण त्याच लोकांपुढे एखादा नेमका प्रश्न ठेवला आणि ‘याचं उत्तर जाणून घ्यायची तुम्हाला किती उत्सुकता आहे?’ असं विचारलं, तर ती उत्सुकता मध्यमवयापर्यंत उतरून म्हातारपणाकडे पुन्हा चढत जाते, असं आढळलं. म्हणजे भूक आहे, ताट समोर येत नाही. प्रश्न समोर ठेवणारं कुणीतरी हवं, आणि संघाशिवाय ते काम दुसरं कोण करणार?

माझ्या बोलण्यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टन्सन यांनी अनेक वर्षं एक सिद्धान्त मांडला आहे. पुढे थोडाच काळ उरला आहे असं जाणवलं की माणूस नव्या ओळखी, नवी माहिती यांच्यामागे धावणं कमी करतो आणि मनाला समाधान देणारी जवळची माणसं, जवळच्या गोष्टी निवडतो. त्यात बिघाड काही नाही, शहाणपणच आहे. मला हे बऱ्याच अंशी मान्य आहे. चाळीस वर्षं खर्डेघाशी केलेल्या माणसाने सकाळी उठून क्वांटम भौतिकी शिकलंच पाहिजे, असा आग्रह धरणारे मला कंटाळवाणे वाटतात. पहाटे हरिपाठ म्हणणाऱ्याच्या श्रद्धेला हात लावायचाही माझा विचार नाही. त्याचं आणि त्याच्या विठोबाचं काय ते ते बघून घेतील. मी बोलतोय ते दुसऱ्या माणसांबद्दलच्या आपल्या पक्क्या समजुतींविषयी. आजची मुलं बिघडलेली आहेत, अमक्या जातीची माणसं अशीच असतात, बायका शिकल्या आणि घरं मोडली, आमच्या वेळी सगळं चांगलं होतं. या समजुतींनी समाधान मिळत असेल, पण त्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं.

‘आमच्या वेळी’ हे प्रकरण तर आपल्या आठवणीच खोडून काढतात. आमच्या वेळचं अन्न कसदार होतं म्हणणाऱ्यांनी साठच्या दशकात रेशनवर मिळणारी अमेरिकेची ती लाल ज्वारी, मिलो, खाल्लेली आहे आणि तिला शिव्याही घातलेल्या आहेत. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली आणि सुकडीवर दिवस काढलेली माणसं आपल्या संघांत बसलेली आहेत. आमच्या वेळी शाळा चांगल्या होत्या, हेही खरंच; ज्यांना शाळेत जायला मिळालं त्यांच्यापुरतं खरं. १९६१ साली महाराष्ट्रात साक्षरतेचं प्रमाण पस्तीस टक्क्यांच्या आसपास होतं, २०११ साली ते ब्याऐंशीच्या वर गेलं. ज्यांची पाटी कोरी राहिली ते ‘आमच्या वेळी’च्या गप्पांत येत नाहीत. तेव्हाही ते वर्गाबाहेरच होते.

धोंडो केशव कर्वे यांचं नाव अशा वेळी सगळेच घेतात. मीही घेतो, पण त्यांच्या दीर्घायुष्याच्या कौतुकासाठी नव्हे. १९१५ साली जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपत्रकं त्यांच्याकडे आली. तेव्हा त्यांचं वय सत्तावन्न. विधवांचा आश्रम काढून जवळजवळ वीस वर्षं होत आली होती, आयुष्याचं काम ठरून गेलं होतं. पत्रकं त्यांनी चाळली आणि बाजूला ठेवून दिली. तुम्ही-आम्ही तेच केलं असतं. मग सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद आलं, भाषणात काय मांडायचं हा प्रश्न पुढे उभा राहिला, तेव्हा त्यांनी ती पुन्हा उघडली. दुसऱ्या वर्षी, १९१६ साली, पाच विद्यार्थिनींवर महिला विद्यापीठ सुरू झालं. एकाहत्तराव्या वर्षी ते जगाच्या दौऱ्यावर निघाले, बर्लिनला आइन्स्टाइनना भेटले. १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, समता संघ काढला. हे कशामुळे झालं? निसर्गाने तब्येत दिली हे आहेच. पण मला दुसरंही एक कारण दिसतं. १८९३ साली विधवेशी लग्न केलं म्हणून मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. तिथून पुढे वर्षानुवर्षं, प्रत्येक वाक्याला माना डोलावणारी मंडळी त्यांच्या वाट्याला आली नाहीत. प्रत्येक पाऊल कुणाला तरी समजावून, कुणाशी तरी भांडून टाकावं लागलं. निर्धास्तपणे बसायला त्यांना खुर्चीच मिळाली नाही.   

भारतरत्न पां. वा. काणे यांचंही असंच. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाच्या संपादनाबरोबर धर्मशास्त्राच्या इतिहासाची थोडी माहिती द्यावी, एवढ्याशा इराद्याने सुरू झालेलं काम १९३० साली पहिल्या खंडाच्या रूपाने आलं आणि १९६२ साली पाचव्या खंडाने पुरं झालं. साडेसहा हजारांच्या आसपास पानं. तोवर काणे ब्याऐंशी वर्षांचे झाले होते. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. मला जास्त मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. पन्नाशीत लिहिलेल्या पहिल्या खंडाकडे ते परत वळले, आणि त्याच्या पहिल्या भागाची सुधारून वाढवलेली आवृत्ती १९६८ साली आली. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी माणूस स्वतःचं अडतीस वर्षांपूर्वीचं लेखन दुरुस्त करत बसला होता. काणे मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करत. समोर विरुद्ध बाजूचा वकील उभा आहे आणि तो आपल्या म्हणण्यातलं भोक शोधणार आहे, हे गृहीत धरून विचार करायची सवय त्यांना तिथेही लागली असेल, असा माझा अंदाज आहे.

पण जिज्ञासा म्हणजे सतत मतं बदलणं, असा अर्थ कुणी काढू नये. डॉ. जयंत नारळीकरांकडे पाहा. २० मे २०२५ रोजी ते गेले. १९६४ साली त्यांनी फ्रेड हॉईल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. पुढच्याच वर्षी विश्वातल्या पार्श्वभूमी प्रारणाचा शोध लागला आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. विश्वाला आरंभच नाही असं मानणारे नारळीकर शेवटपर्यंत त्या बाजूला गेले नाहीत. १९९३ साली त्यांनी हॉईल आणि खगोलशास्त्रज्ञ बर्बिज यांच्यासह आपल्या स्थिर विश्वाच्या कल्पनेची सुधारलेली आवृत्ती मांडली. हा हट्टच नव्हे काय, असं कुणीही विचारील. मला विचाराल तर या वादात बहुमताची बाजू अधिक भक्कम होती. तरीही मी त्यांना आपल्यासारख्यांच्या यादीत घालणार नाही. त्यांनी आपलं म्हणणं आकडेमोडीसकट अशा नियतकालिकांत मांडलं, जिथे ते फोडून काढायला जगभरचे लोक टपलेले होते. पुण्यात त्यांनी उभ्या केलेल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात महास्फोट मानणारे संशोधक उजळ माथ्याने काम करत राहिले. आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. ज्योतिष थोतांड आहे, एवढं भाषणात म्हणून त्यांना टाळ्या घेता आल्या असत्या. त्याऐवजी नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांबरोबर त्यांनी दोनशे कुंडल्या जमवल्या, शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्या पाहून कोणती कुणाची ते सांगितलं. बरोबर उत्तरांचं प्रमाण आलं ४६ टक्के. नाणं उडवून ५० आलं असतं. ज्योतिषाच्या बाजूला जिंकायची पुरेपूर संधी देऊन मग मिळवलेलं हे उत्तर होतं. आपल्या किती मतांना आपण हरायची अशी संधी दिली आहे?

इथे मला स्वतःचंच म्हणणं थोडं आवरायला हवं, कारण संघातल्या स्त्रियांची गोष्ट उलटी आहे. आम्हा पुरुषांना साठीनंतर विरोध मिळेनासा होतो. त्यांना तो जन्मभर मिळालेला असतो, तोही ‘तुला काय कळतं?’ या एका वाक्यात. अनेक बायका साठीनंतरच मोकळ्या बोलायला लागतात, प्रवासाला निघतात, पुस्तकं उघडतात. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन जायच्या आणि अंगठ्याऐवजी सही करायला शिकायच्या. शिकवणारी गावातलीच एक सून, आणि तिची सासू तिच्याच वर्गात. सुनेने सासूच्या पाटीवरचं अक्षर पुसून पुन्हा लिहायला लावायचं आणि सासूने ते लिहायचं, हे आपल्या कुठल्याही व्याख्यानमालेपेक्षा धाडसाचं आहे. आपल्या संघात निवृत्त प्राध्यापक आहेत, अभियंते आहेत, तहसीलदार आहेत. सुनेकडून पाटी पुसून घ्यायची तयारी असलेले किती आहेत, ते तुम्ही मोजा.

तर मागणं असं. वर्षातल्या बारा सभांपैकी निदान तीन-चार अशा ठेवा, की वक्त्याचं म्हणणं बहुसंख्य सभासदांना मान्य नसेल. वक्ता तिशीच्या आतला असला तर फार बरं. त्याला शाल, श्रीफळ देऊ नका. सत्काराने माणूस बांधला जातो, मग तो गोड बोलतो. मानधन द्या. निम्मा वेळ प्रश्नांना ठेवा आणि आभार एका वाक्यात माना. विषय आंतरजातीय लग्नाचा असू दे, आरक्षणाचा असू दे, मुलं नकोत म्हणणाऱ्या जोडप्यांचा असू दे, नाहीतर म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळायची सगळी जबाबदारी मुलांवरच का, हाही असू दे. शेवटचा विषय सर्वांत जास्त झोंबेल, म्हणून तो पहिल्यांदा घ्या.

आणि एक नियम करा. तो परकाही नाही, आपल्याच शास्त्रग्रंथांतला आहे. आधी पूर्वपक्ष, मग उत्तर, मग सिद्धान्त, ही तिथली मांडणी. समोरच्याचं म्हणणं त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडल्याशिवाय त्याचं खंडन करायचं नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत या परंपरेत घडलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांपर्यंत पोचले आणि नंतर मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले, हे उदाहरण आपल्या डोळ्यांदेखतचं आहे. ज्या सभासदाला वक्त्यावर आक्षेप घ्यायचा असेल त्याने आधी वक्त्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत सांगावं, वक्त्याने ‘हो, मी हेच म्हणालो’ असं म्हणावं, आणि मगच आक्षेपाला सुरुवात व्हावी. परंपरेचा अभिमान आपण भाषणांत रोज बाळगतो. तिच्यातला हा कष्टाचा भाग तेवढा गाळतो.

कार्यकारिणीत काय बोललं जाईल याची मला कल्पना आहे. वाद नकोत, संघ फुटेल. राजकारण नको. सभासदांचा रक्तदाब वाढेल. रक्तदाब तपासायचं यंत्र आपल्या बहुतेक संघांकडे आहे, तेव्हा ती अडचण सोडून द्या. फुटण्याचं म्हणाल तर न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली तेव्हाचं पुणं आजच्या कुठल्याही संघापेक्षा भांडकुदळ होतं. ती व्याख्यानमाला दीडशे वर्षांची झाली. संघ फुटतात ते पदांवरून आणि सहलीच्या हिशोबावरून. मतभेदावरून फुटलेला संघ मी तरी ऐकलेला नाही.

वक्ते कुठून आणायचे, हा प्रश्न अवघड नाही. तुमच्या गावात किंवा तालुक्यात महाविद्यालय असेलच. तिथल्या वक्तृत्व-वादविवाद मंडळाला या आठवड्यात पत्र पाठवा. एखाद्या विशीतल्या मुलीला बोलवा, आणि विषय तिला निवडू द्या.

आपला,
एका संघाचा वर्गणीदार सभासद